एका सुताचा हिशेब

लेझर लेव्हलची रेघ चुकीची असली तरी बरोबर असल्यासारखीच दिसते. ओळंब्याची दोरी वाऱ्याने हलली तर डोळ्यांना दिसतं. पाणसळीतला बुडबुडा अडखळला तर टिचकी मारून कळतं. लेव्हल ट्यूबमध्ये हवा राहिली तर तो बुडबुडा नळीतून दिसतो. लेझर मात्र भिंतीवर हिरवीगार, धारदार रेघ मारून मोकळी होते. पाच मीटरवर ती चार मिलिमीटर वर गेलेली असो की खाली, तिच्याकडे बघून काहीही समजत नाही. फ्लॅटच्या फिनिशिंगची कामं करताना इतकी वर्षं ही मशीनं हाताळल्यावर माझं मत पक्कं झालंय: साइटवर याच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं आलेलं नाही, आणि न तपासता वापरलं तर याच्याइतकं नुकसान करणारंही दुसरं नाही.

फ्लॅट ताब्यात आला की आमचं पहिलं काम एक मीटरची लाइन. तयार फरशीची पातळी जिथे येणार, तिथून बरोबर एक मीटर वर, सगळ्या खोल्यांतून फिरणारी रेघ. फरशीवाला तिच्यावरून खाली मापतो, पीओपीवाला वर. सुतार चौकट तिच्यावरून बसवतो, इलेक्ट्रिशियन बोर्ड, प्लंबर बेसिन, ग्रॅनाइटवाला ओटा. यांच्यापैकी कुणीही ती रेघ पुन्हा तपासत नाही, आणि तपासावी अशी अपेक्षाही नसते. ज्याने त्याने आपापलं माप चोख घ्यायचं एवढंच. म्हणजे पहिली खूण मारणाऱ्याच्या हातात बाकी सगळ्यांची मेहनत असते. फरशी दोन बाय दोन फुटांची होती तेव्हा थोडं मागेपुढे झालेलं सांध्यांत जिरून जायचं. आता 800 बाय 1600 मिलिमीटरची टाइल आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सांधा. एवढी मोठी टाइल काही जिरवून घेत नाही. कडेला उंचवटा राहतो आणि अनवाणी पायाला तो पहिल्याच दिवशी लागतो.

वाकडच्या एका फ्लॅटमध्ये हे फार स्वच्छ बघायला मिळालं. फरशीवाला आणि पीओपीवाला, दोघांनीही मुख्य दाराशेजारच्या एकाच खुणेपासून सुरुवात केली होती. एकजण हॉलमधून पुढे गेला, दुसरा स्वयंपाकघर आणि पॅसेजमधून. बेडरूमच्या दाराशी दोघांच्या रेघा भेटल्या तेव्हा त्यांच्यात तीन सूत फरक. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. तीन सूत म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. मग सुरू झालं. एकाचं म्हणणं, माझं मशीन नवीन आहे. दुसऱ्याचं म्हणणं, माझं महागातलं आहे. दोन्ही मशीनं चालू, दोन्हींच्या रेघा झगझगीत, आणि दोघेही मनापासून बोलत होते. आमच्याकडचे जुने गवंडी, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते तेवढ्यात खाली जाऊन लेव्हल ट्यूब घेऊन आले. "आधी पाण्याला विचारू, मग भांडा," म्हणाले.

लेव्हल ट्यूबला कुणी अजून जुनाट म्हणत असेल तर मला ते पटत नाही. पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन टोकं दोन भिंतींना. या उपकरणात बिघडण्यासारखं काही नाहीच. मात्र ती धरायची रीत आहे. पाणी भरताना नळीचं एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून ओढून घ्यायचं, म्हणजे हवा मध्ये अडकत नाही. पूर्ण नळी डोळ्यांखालून घालायची, बुडबुडा दिसला की टिचक्या मारून बाहेर काढायचा. माप घेताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले असले पाहिजेत. नवीन पोरं एक अंगठा हमखास विसरतात. आणि नळीचा एक भाग उन्हात, एक सावलीत असं नको. 30 अंशांचं पाणी आणि 40 अंशांचं पाणी यांच्या घनतेत साधारण 0.35 टक्के फरक पडतो. एका बाजूची मीटरभर उभी नळी तापली तर पातळीत तीन मिलिमीटरहून जास्त तफावत दिसते. गच्चीवर मे महिन्यात वॉटरप्रूफिंगचा ढाळ काढताना हे लक्षात ठेवावं लागतं. घराच्या आत, सावलीत, ट्यूबचा निवाडा मी अखेरचा मानतो.

ट्यूबने त्या दिवशी नव्या मशीनच्या विरोधात कौल दिला. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर फक्त कोण हरलं ते कळलं असतं. किती चुकतंय, कुठल्या बाजूला चुकतंय, हे मशीनकडूनच वदवून घ्यावं लागतं.

त्यासाठी आत काय आहे ते थोडं समजून घ्यायला हवं. साध्या क्रॉसलाइन, म्हणजे एक आडवी आणि एक उभी रेघ टाकणाऱ्या, मशीनमध्ये एक लंबक टांगलेला असतो आणि लेझरचे डायोड त्या लंबकावर बसवलेले असतात. आपण मशीन साधारण सरळ ठेवलं, बहुतेक मशीनांत चार अंशांपर्यंतचा तिरपेपणा चालतो, की लंबक आपला आपण उभा लटकतो. तो झुलत राहू नये म्हणून खाली चुंबक आणि त्याच्यासमोर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. हलताना धातूत विद्युतप्रवाह तयार होतो, तो त्या हालचालीलाच विरोध करतो आणि लंबक काही सेकंदांत स्थिर होतो. मोजणीच्या दुर्बिणींत आपोआप पातळी साधणारी पहिली यशस्वी लेव्हल झाइसने 1950 साली आणली. त्यामागचा विचार हाच, की शेवटचं बारीक काम गुरुत्वाकर्षणाकडून करून घ्यायचं.

आता गैरसमज इथे होतो. 'सेल्फ लेव्हलिंग' लिहिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं, मशीन स्वतःला तपासतंय. लंबक बरोबरच लटकतो, त्याबद्दल शंका नको. पण लंबकावर बसवलेला डायोड लंबकाशी बरोबर काटकोनात आहे का, हे लंबकाला कळण्याचा मार्गच नाही. धक्का बसून डायोड केसभर सरकला किंवा लंबकाचा तोल किंचित ढळला, तर मशीन तीच चूक दरवेळी अगदी इमानाने पुन्हा करत राहतं. पुन्हा पुन्हा लावलं तरी रेघ त्याच जागी येते, आणि माणसाला वाटतं, बघा किती अचूक आहे.

म्हणून मशीन फिरवून बघायचं. पाणसळ उलटीसुलटी ठेवून बघतात त्यातलंच हे तत्त्व, आणि डिप्लोमाला असताना दुर्बिणीवर 'टू-पेग टेस्ट' केलेल्यांना ते नवीन नाही. समोरासमोरच्या दोन भिंती निवडायच्या, मध्ये पाच मीटर अंतर, म्हणजे सोळा फुटांच्या आसपास. मशीन पहिल्या भिंतीला अगदी लागून तिपाईवर ठेवायचं, त्या भिंतीवर रेघेची खूण करायची. तिपाई न हलवता मशीन फिरवून समोरच्या भिंतीवर खूण करायची. मग मशीन उचलून त्या दुसऱ्या भिंतीजवळ न्यायचं आणि तिपाई वरखाली करून रेघ तिथल्या खुणेवर तंतोतंत आणायची. आता पुन्हा फिरवून पहिल्या भिंतीवर टाकायची. तिथे आता दोन खुणा होतात, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे दहा मीटरची चूक. जाताना पाच, येताना पाच. मशीनची अचूकता मीटरला 0.3 मिलिमीटर अशी छापलेली असेल, आणि बऱ्याच मशीनांवर तीच असते, तर दोन खुणांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. एक सूत. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना मीटर-मिलिमीटरचं काही वाटलं नाही, पण 'दहा मीटरला एका सुताच्या आत' हे त्यांनी लगेच उचललं आणि आता तेच सगळ्यांना सांगतात.

वाकडच्या त्या नव्या मशीनची तफावत आठ मिलिमीटर भरली. महागातल्याची दोनच्या खाली.

खूण करण्यातही हात लागतो. पाच मीटरवर रेघेला जाडी येते, आणि ऊन असेल तर तिच्या कडा पुसट होतात. मी भिंतीवर आधी मास्किंग टेप लावतो, तिच्यावर रेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेला टोकदार पेन्सिलने बारीक टिंबं देतो आणि मधोमध खूण करतो. सगळ्या खुणा एकाच माणसाने करायच्या. एकाने वरची कड धरली आणि दुसऱ्याने मधली, तर चूक मशीनच्या नावावर जाते. मशीन बॅगेतून काढल्याबरोबर तपासायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. शेजारच्या फ्लॅटमध्ये ब्रेकर चालू असेल तर चहा घेऊन यायचं, कारण लंबक थरथरतो आणि रेघही.

एक बारकावा फार कमी जणांना माहीत असतो. मशीन खोलीच्या मधोमध ठेवलं आणि त्याची तीच बाजू फिरवून दोन्ही भिंतींवर टाकली, तर चूक दोन्हीकडे सारखीच लागते आणि दोन खुणा आपसांत बरोबर येतात. अंतरं सारखी ठेवून दुर्बिणीने बॅकसाइट-फोरसाइट, म्हणजे मागचं आणि पुढचं वाचन, घेणारे मोजणीवाले याच गोष्टीचा फायदा उठवतात. म्हणजे शंकास्पद मशीन हातात असताना काम अडलंच, तर मधोमध उभं करून दोन बिंदूंची लेव्हल खरी काढता येते. पण चारही बाजूंना रेघ टाकणारं 360 अंशांचं मशीन मधोमध ठेवून, न फिरवता, दोन्ही भिंतींवर खुणा केल्या तर हा फायदा मिळेलच असं नाही. तोल ढळलेला असेल तर एका बाजूला रेघ वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जाते. चूक कटायच्या ऐवजी दुप्पट होते.

उंची तपासून झाली की रेघेची दोन टोकं. भिंतीवर रेघेच्या मध्यावर एक खूण करायची आणि मशीन जागेवरच थोडं थोडं फिरवत रेघेचं डावं टोक त्या खुणेवर आणायचं, मग उजवं. खूण रेघेतच राहिली तर उत्तम. एका टोकाला खूण रेघेच्या वर आणि दुसऱ्या टोकाला खाली गेली, तर रेघ तिरपी आहे. दोन्ही टोकांना एकाच बाजूला गेली, तर रेघेला बाक आहे. डायोडसमोरची दंडगोल काच तिरकी बसली की असं होतं. उभी रेघ दाराच्या चौकटीत तपासायची. जमिनीवर, चौकटीच्या मधोमध आणि तिच्यापुढे, मशीन चौकटीपासून जितकं लांब तेवढ्याच अंतरावर, अशा खुणा करून मशीन आधी एका बाजूने आणि मग पलीकडून त्याच खुणांवर धरायचं, आणि चौकटीच्या वरच्या लाकडावर पडणाऱ्या दोन खुणा बघायच्या. अडीच मीटर उंचीला दीड मिलिमीटरपर्यंत चालतं. काटकोन जमिनीवर तीन-चार-पाचच्या मापाने तपासला की झालं.

हे सगळं करून मशीन चुकतंय असं ठरलं, की प्रश्न येतो, उघडायचं का. वॉरंटीतलं किंवा भारी मशीन मी कधी उघडत नाही आणि कुणाला उघडू देत नाही; ते सर्व्हिस सेंटरला जातं. पण साइटवरच्या पोरांकडे जी स्वस्तातली मशीनं असतात, त्यांना सर्व्हिस सेंटर सापडणंच मुश्कील, आणि पोराची रोजी त्या मशीनवर चालते. अशी मशीनं मी आमच्या गोदामात, लांब पॅसेजमध्ये, सुटीच्या दिवशी सावकाश लावून देतो. सावकाशच, कारण हे घाईचं काम नाही.

वरचं झाकण काढलं की लंबकाच्या खालच्या भागात छोटे स्क्रू दिसतात, काहींत पुढे-मागे, काहींत डावी-उजवीकडेही. त्यांनी वजन इकडचं तिकडे सरकतं. वजन पुढे सरकलं की समोरची रेघ खाली येते, मागे सरकलं की वर जाते. स्क्रूवर कारखान्यातला लाल किंवा पांढरा लॅकरचा ठिपका असतो. तो जपून खरवडायचा. पण स्क्रूला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावीच लागते: चूक तोलाची आहे की डायोडची? आडवी रेघ उजवीकडे जितकी कलली आहे, तितकीच उभी रेघही त्याच दिशेने कलली असेल तर सबंध लंबक कललेला आहे, आणि तोलाच्या स्क्रूने काम होईल. एकच रेघ कलली असेल आणि दुसरी ठीक असेल, तर तो डायोड आपल्या पितळी घरात सरकलेला आहे. तिथे तोल बदलला तर चुकलेली रेघ सुधारते आणि चांगली बिघडते. पुष्कळ मशीनं अशीच हकनाक वाया जातात. हात उतावीळ असतो, स्क्रू समोर दिसतो, आणि माणूस फिरवतो.

स्क्रू फिरवायला बारीक एल-की लागते, आणि ती पोलादाची असते. खाली चुंबक. की आत गेली रे गेली की चुंबक तिला ओढतो आणि लंबक कुठच्या कुठे जातो. त्या क्षणी भिंतीवरच्या रेघेकडे बघून काही ठरवणं व्यर्थ. एक अष्टमांश फेरा, की बाहेर, हात बाजूला, लंबक स्थिर होऊ द्यायचा, मग बघायचं. पुन्हा एक अष्टमांश. पाच मीटरवरच्या खुणेकडे रेघ कशी मिलिमीटर-मिलिमीटरने सरकत येते ते बघण्यात मला अजूनही मोठा आनंद वाटतो. अर्धी चूक एका भिंतीवर सुधारायची, मग पूर्ण फेरी नव्याने करून बघायची, कारण खुणाही आधीच्या चुकीतूनच काढलेल्या असतात. जमलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब, सुकू द्यायचा, झाकण लावायचं, आणि झाकण लावल्यावर सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून. झाकणाचा स्क्रू आवळताना बॉडी किंचित दबते आणि कधी कधी लंबकाला घासते. तेव्हा मशीन ठीक दिसतं, पण चौथ्या-पाचव्या वेळी भलतीच रेघ टाकतं.

डोळ्यांचं एक सांगतो, कारण या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ही मशीनं बहुतेक क्लास 2 ची असतात, एक मिलिवॉटच्या आतली, आणि चुकून रेघ डोळ्यांवर आली तर पापणी मिटण्याने बचाव होतो. पण झाकण काढून, डायोडच्या समोर तोंड नेऊन, मुद्दाम टक लावून बघणाऱ्याला तो बचाव मिळत नाही. काम करताना मशीन डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचं नाही, चष्मा लावलाय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. मशीनबरोबर मिळणारा रंगीत चष्मा रेघ ठळक दिसावी म्हणून असतो, संरक्षणासाठी नव्हे. आणि लहान मुलं आसपास असतील तर मशीन उघडायचंच नाही.

मशीन बिघडतं ते बहुतेक रस्त्यावर. दुचाकीच्या पुढच्या जागेत मशीन ठेवून, कुलूप न लावता, खड्ड्यांतून दोन तास. पुष्कळ मशीनांत चालू-बंदचा खटकाच लंबकाचं कुलूप असतो. तो पूर्ण बंद केला नाही की लंबक वाटभर आपटत राहतो. वाकडच्या त्या मशीनच्या बाबतीत मालकाला विचारलं तेव्हा तो रिमोटने बंद करून तसंच बॅगेत टाकायचा, हे निघालं. रिमोटने दिवा विझतो, कुलूप लागत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुतारकाम आणि फरशीकाम शिकवणाऱ्या आयटीआयमध्ये हे दोन तासांत हातांनी करून घेता येईल असं मला फार वाटतं. मशीन विकताना दुकानदाराने तपासून दाखवावं, असंही वाटतं.

आमच्या फरशीवाल्याच्या धाकट्या पोराने दिवाळीच्या आधी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी त्याच्याबरोबर बोहरी आळीतल्या बाजारात गेलो. दुकानदाराने मशीन काउंटरवर लावून मागच्या कपाटावर रेघ पाडली आणि म्हणाला, बघा किती क्लिअर. पोराने खिशातून मास्किंग टेप काढली आणि विचारलं, "शेठ, मागचं गोदाम किती लांब आहे?" शेठ थोडे नाराज झाले, पण आत जाऊ दिलं. खोक्यांच्या मधून जेमतेम वाट होती. पोराने पहिल्या भिंतीवर खूण केली, समोर केली, मशीन पलीकडे नेलं, परत आला आणि पट्टी लावली. मी लांब उभा होतो, विचारलं नाही. त्याने ते मशीन परत खोक्यात ठेवलं आणि त्याच मॉडेलचं दुसरं मागितलं. त्याचीही सगळी फेरी केली, दोन्ही टोकं बघितली, गोदामाच्या दारात उभी रेघही बघितली. शेठ आता स्वतः पट्टी धरून उभे होते आणि मध्येच म्हणाले, "पहिलं जे होतं, ते किती निघालं?" पोराने सांगितलं, "दहा मीटरला दोन सूत." शेठनी ते खोकं उचलून वेगळं ठेवलं, कंपनीला परत पाठवतो म्हणाले. मग पोराने पैसे दिले.